वाचकांचे प्रश्न : ब्रेकची होज फुटत नाही, मग बिघडते कशी?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे ब्रेकच्या होजविषयी, म्हणजे ब्रेकचा द्रव चाकापर्यंत नेणाऱ्या लवचिक नळीविषयी आहेत. साध्या होजमध्ये आत रबराची नळी, तिच्यावर धाग्याची वीण आणि वरून आवरण असते. ती सर्व ठाणे शहर आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातून आलेली असल्याने त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा दुचाकींच्या डिस्क ब्रेकसाठी होज असेंब्ली तयार करणारा लहान कारखाना आहे. होज आम्ही विकत घेतो आणि टोकांना धातूचे जोड म्हणजे फिटिंग बसवून क्रिम्पिंग करतो, म्हणजे फिटिंगची बाहेरची कडी (स्लीव्ह) होजवर दाबून आवळतो. प्रत्येक लॉटमधले नमुने ५०० बारच्या वरच फुटतात आणि क्रिम्प केलेल्या स्लीव्हचा व्यासही ड्रॉइंगप्रमाणे असतो. तरीही सहा-आठ महिन्यांनी काही होज बँजोच्या (टोकाच्या कडीसारख्या फिटिंगच्या) मुळाशी ओलसर होतात. याहून मजबूत होज घ्यावी काय?

उत्तर : मजबूत होज घेऊन हा प्रश्न सुटणार नाही, कारण आपली होज ताकदीत कुठेच कमी पडत नाही. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १०६ या नियमानुसार एक अष्टमांश इंच, म्हणजे ३.२ मि.मी. बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) होजने ४,००० पीएसआय, म्हणजे सुमारे २७६ बार दाब दोन मिनिटे सहन करावा लागतो आणि ७,००० पीएसआयच्या, म्हणजे सुमारे ४८३ बारच्या आत ती फुटता कामा नये. जोरात ब्रेक मारला तरी प्रत्यक्ष दाब साधारणपणे १०० बारच्या आसपास असतो. या १०० बार दाबामुळे ३.२ मि.मी. बोअरमध्ये फिटिंग बाहेर ढकलणारा जोर जेमतेम आठ किलोंचा होतो, तर त्याच नियमात ओढ-चाचणीचा जोर ३२५ पौंड, म्हणजे सुमारे १४७ किलो ठरवलेला आहे. फुटणे आणि निसटणे या दोन्ही बाबतींत हाताशी भरपूर राखीव ताकद असताना होज पाझरते, याचा अर्थ दोष निपल (फिटिंगची होजच्या आत जाणारी नळी) आणि रबर यांच्यामधल्या दाबात आहे.

हा दाब आपण मोजतच नाही, हे मी थोडे ठामपणे सांगतो. आपला गेज स्लीव्हचा बाहेरचा व्यास मोजतो. आतले रबर किती दाबले गेले हे मात्र चार गोष्टींवर ठरते : निपलचा व्यास, स्लीव्हच्या पत्र्याची जाडी, क्रिम्पचा व्यास आणि होजच्या भिंतीची जाडी. समजा, १०.५ मि.मी. बाह्यव्यासाची होज एखाद्या लॉटमध्ये १०.२ मि.मी. आली, तर भिंत ०.१५ मि.मी. बारीक झाली. क्रिम्पचा व्यास तोच ठेवल्यास रबरावरची पकड तेवढी सैल होते आणि गेज मात्र सर्व ठीक असल्याचे सांगतो. त्यातच आतली नळी एक्स्ट्रूजनमध्ये मध्यापासून सरकलेली असेल, तर एका बाजूला रबर चिरडते, दुसऱ्या बाजूला ढिले राहते आणि पाझर त्या ढिल्या बाजूने सुरू होतो.

यावर उपाय असा की, येणाऱ्या प्रत्येक लॉटच्या होजचा बाह्यव्यास आणि चार बाजूंनी भिंतीची जाडी मोजावी आणि त्यानुसार क्रिम्पचा व्यास लॉटगणिक ठरवावा. शिवाय प्रत्येक लॉटमधली एक तयार असेंब्ली रेझिनमध्ये ओतून लांबीच्या दिशेने कापावी, पॉलिश करावी आणि भिंगाखाली निपलवर उरलेली रबराची जाडी मोजावी. या कामाला महागडे यंत्र लागत नाही, फक्त रोज तासभर देणारा एक मन लावून काम करणारा माणूस लागतो. पकड कमी पडते म्हणून सरसकट जास्त दाबणे हाही मार्ग नव्हे. अति दाबल्याने निपलच्या टोकाशी रबर कापले जाते, आणि निपल आत चेपला तर ब्रेकच्या द्रवाचा मार्ग अरुंद होतो. नियमानुसार कोणत्याही ठिकाणी मूळ बोअरच्या किमान ६४ टक्के, म्हणजे आपल्या होजमध्ये सुमारे २.०५ मि.मी. मार्ग मोकळा हवा. याची तपासणी प्रत्येक नगावर पिन-गेजने (ठरावीक जाडीच्या सळीने) किंवा आतून छोटा चेंडू सोडून करता येते.

तक्रार लगेच न येता सहा-आठ महिन्यांनी येते, हा आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा धागा आहे. दाबून ठेवलेले रबर उष्णतेने हळूहळू आपली उसळी गमावते. ईपीडीएम हे होजमधले कृत्रिम रबर गंधकाने पक्व (व्हल्कनाइझ) केले आहे की पेरॉक्साइडने, हे पुरवठादाराला अवश्य विचारावे. पेरॉक्साइडने पक्व केलेले ईपीडीएम उष्णतेत अधिक टिकते आणि दाब काढल्यावर अधिक पूर्वपदावर येते, मात्र पक्व होताना त्याला हवेतल्या ऑक्सिजनचा स्पर्श झाला तर पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून ते वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये किंवा क्षारांच्या द्रवात पक्व करतात. आपल्या बाजूने गळतीची चाचणी क्रिम्पिंगनंतर लगेच एकदा घेऊन थांबू नये. काही नमुने तीन दिवस भट्टीत ठेवून, थंड करून, पुन्हा पाण्यात बुडवून हवेने तपासावेत. जो दोष ग्राहकाकडे आठ महिन्यांनी दिसतो, त्यातला बराचसा इथे आठवडाभरात दिसू लागेल.

दुसरा शत्रू पाणी. होजच्या आतल्या विणीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा धागा वापरत असतील, तर तो ताणला कमी जातो, हा त्याचा मोठा गुण, पण तो ओलावा ओढतो आणि ओला झाल्यावर त्याची ताकद घटते. होजचे कापलेले टोक स्लीव्हच्या आत उघडेच असते आणि तिथून धाग्याच्या वातीने ओलावा आत चढू शकतो. म्हणूनच कापणीचे पाते धारदार असावे, टोक काटकोनात कापलेले असावे, धागे पिंजलेले नसावेत आणि होज स्लीव्हच्या तळाला टेकेपर्यंत आत गेलेली असावी. नियमातही होज ८५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ७० तास ठेवून नंतर ताकद आणि वळवळीची (होज सतत हलवत ठेवण्याची) चाचणी घ्यायला सांगितले आहे, ते याच कारणासाठी.

या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मी ज्या कारखान्यात होतो, तिथे एका जुलैत होजच्या थरांमध्ये फोड येऊ लागले आणि आम्ही दोन आठवडे रबराच्या कंपाउंडमध्ये दोष शोधत बसलो. खरे कारण ब्रेडिंग (धाग्याची वीण घालणाऱ्या) यंत्राशेजारी उघड्यावर राहिलेल्या धाग्याच्या बॉबिनी हे होते. खाडीकाठच्या पावसाळी हवेत त्यांनी ओल धरली होती आणि पक्व करताना त्या ओलीची वाफ दोन थरांमध्ये अडकत होती. बॉबिनी कोरड्या, बंद खोलीत ठेवून वापरण्यापूर्वी सुकवायला लागल्यावर फोड थांबले. आपण होज विकत घेत असल्याने पुरवठादाराची धाग्याची खोली पावसाळ्यात एकदा स्वतः जाऊन पाहावी.

राहिली स्लीव्हच्या तोंडाची बाब. वळवळीच्या चाचणीत होज मिनिटाला ८०० फेऱ्यांनी ३५ तास हलवतात, म्हणजे १६ लाख ८० हजार फेऱ्या होतात, आणि होज तुटलीच तर बहुतेक स्लीव्हच्या तोंडाशीच तुटते. तोंडाचा शेवटचा दोन-तीन मिलिमीटर भाग पूर्ण न दाबता घंटेसारखा किंचित फाकलेला ठेवला, तर वाकताना धारेचा काच बसत नाही. क्रिम्पिंगच्या डायची लांबी आणि तिची जागा तपासून पाहावी.

प्रश्न : मी घोडबंदर रस्त्यावर राहतो. माझी मोटार नऊ वर्षांची आहे. ती डावीकडे ओढते आणि डावे पुढचे चाक तापते. गॅरेजमध्ये कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दोनदा बदलला. होज बाहेरून अगदी नव्यासारखी दिसते. दोष कुठे असावा?

उत्तर : कॅलिपर दोनदा बदलूनही चाक तापत असेल, तर होजवर संशय घ्यावा. होज बाहेरून नवी दिसली तरी तिची आतली नळी फुगलेली किंवा सुटलेली असू शकते. पेडल दाबल्यावर शंभर बारच्या जोराने ब्रेकचा द्रव या अडथळ्यातून पुढे जातो, पण पेडल सोडल्यावर तो परतताना मागे ढकलायला कॅलिपरच्या सीलची अगदी थोडी उसळी असते, म्हणून द्रव चाकाकडेच अडकून पडतो आणि ब्रेक चिकटून राहतो.

जाणकार मिस्त्रीकडून एक तपासणी करून घ्यावी. चाक चिकटलेले असताना गाडी जॅकवर घेऊन स्टँडचा पक्का आधार द्यावा. होजचे वरचे टोक जिथे लोखंडी पाइपला जोडलेले असते, तो जोड किंचित सैल करावा. चाक मोकळे फिरू लागले, तर दोष वरच्या बाजूला आहे. मोकळे झाले नाही आणि मग कॅलिपरवरचा ब्लीडर (हवा काढण्याचा स्क्रू) उघडताच मोकळे झाले, तर दोष होजमध्ये आहे. त्यानंतर जोड घट्ट करून हवा पूर्ण काढल्याशिवाय गाडी हलवू नये. होज बदलायची झाल्यास पुढच्या दोन्ही एकदम बदलाव्यात, कारण दोघींचे वय सारखेच आहे.

नळी का फुगली, हेही पाहायला हवे. आपल्याकडे ब्रेकच्या द्रवाला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात आणि या नावाने बरेच नुकसान केले आहे. डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव ग्लायकॉलवर आधारलेले असतात आणि ईपीडीएम रबर त्यांच्यासाठीच निवडलेले असते. त्यात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल थोडे जरी पडले, किंवा अशा तेलाच्या डब्यातली फनेल वापरली, तरी हे रबर फुगते. तसे घडले असल्यास होज बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडरपासून (पेडलने द्रव ढकलणाऱ्या सिलिंडरपासून) सगळी रबरे बदलावी लागतात. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे कॅलिपर बदलताना द्रव गळू नये म्हणून होज पकडीने चिमटणे, किंवा सुटलेला कॅलिपर होजवरच लोंबकळत ठेवणे. दोनदा कॅलिपर बदलला असल्याने याची चौकशी अवश्य करावी. द्रव किती जुना आहे, तेही पाहावे. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २३० अंश असतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. पाणी रबराच्या भिंतीतूनही झिरपत राहते. म्हणून दर दोन वर्षांनी द्रव बदलणे योग्य.

प्रश्न : मी ऐरोलीत राहते आणि यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे. दाबाखाली होजचे फुगणे कमी करणे हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. दोनऐवजी तीन थरांची वीण घालावी, असे आमचे मत आहे. आपले मत काय?

उत्तर : विषय चांगला निवडला आहे, कारण चालकाच्या पायाला होज जाणवते ती फुगण्यातूनच. एफएमव्हीएसएस १०६ नुसार ३.२ मि.मी. बोअरच्या साध्या होजचे फुगणे १,००० पीएसआयला दर फुटामागे ०.६६ घन सें.मी.च्या आत हवे, तर कमी फुगणाऱ्या होजचे ०.३३ च्या आत. एका गाडीत एकूण चार फूट होज आणि २० मि.मी. बोअरचा मास्टर सिलिंडर धरा. पहिल्या मर्यादेच्या काठावरच्या होजसाठी २.६४ घन सें.मी. द्रव जास्त ढकलावा लागतो, म्हणजे पिस्टनची ८.४ मि.मी. चाल, आणि पेडलचे गुणोत्तर चार असेल तर पायाखाली सुमारे ३४ मि.मी. दुसऱ्या मर्यादेत हीच चाल निम्मी होते.

तिसरा थर मात्र मी शेवटी विचारात घेईन. त्याने होज ताठ होते, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवताना व चाक खड्ड्यात खाली जाताना होजला सहज वाकावे लागते. हा ताठपणा शेवटी फिटिंगच्या मुळाशी ताण म्हणून येतो. त्याआधी विणीचा कोन पाहा. दाबाखालच्या नळीत परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो, त्यामुळे धाग्याचा अक्षाशी ५४ अंश ४४ मिनिटांचा कोन हा समतोलाचा कोन ठरतो. कोन याहून लहान असेल तर होज दाबाखाली आखूड होऊन जाड होते, मोठा असेल तर लांबते. मॅन्ड्रेलवर (नळीच्या आत घातलेल्या दांड्यावर) विणताना मिळालेला कोन पक्व झाल्यावर तसाच राहत नाही, म्हणून तो तयार होजचे आवरण सोलून मोजावा.

दुसरी गोष्ट धाग्यांचा सारखा ताण. ब्रेडिंग यंत्रावरची एक बॉबिन जरी सैल सुटली, तरी तो धागा आपला भार उशिरा उचलतो आणि तोवर शेजारचे धागे ताणले जातात. हे फुगण्याच्या आकड्यात दिसते, फुटण्याच्या आकड्यात फारसे दिसत नाही. तिसरी गोष्ट धाग्याची निवड. पॉलिएस्टर ओलाव्यात टिकतो पण जास्त ताणला जातो, पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे याच्या उलट. आपल्या हवेत होज कोरडी असताना आणि पाण्यात मुरवल्यानंतर, अशा दोन्ही अवस्थांत आपल्या गटाने मोजणी करावी, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

मोजणी महाविद्यालयातही करता येईल. होज वायूरहित पाण्याने भरून दाब द्यावा, पुरवठ्याची झडप बंद करावी आणि मग होजमधला दाब ब्युरेटमध्ये सोडून किती पाणी वर चढते ते पाहावे. एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. समोर जाड पॉलिकार्बोनेटचा पडदा लावल्याशिवाय मात्र प्रयोग करू नये.

प्रश्न : मी कळव्याचा. मोटरसायकलला स्टीलच्या जाळीची होज बसवावी का?

उत्तर : अशा होजची आतली नळी टेफ्लॉनची असते. ती फारच कमी फुगते आणि लिव्हर घट्ट लागतो, हे खरे. पण टेफ्लॉन एकदा आखूड वळणात मुरडला की ती मुरड कायमची राहते, आणि उघडी जाळी कानशीसारखी शेजारची रंगकामे आणि वायरी घासते. म्हणून वरून प्लास्टिकचे आवरण असलेली आणि आयएस ७०७९ या भारतीय मानकाची छपाई असलेली होजच घ्यावी. बिनछपाईची होज स्वस्त असली तरी घेऊ नये. बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि पुढचा फोर्क पूर्ण दाबून व पूर्ण लांबू देऊन होज कुठे ताणली, पिळली किंवा घासली जात नाही ना, हे पाहावे आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बँजोचे बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत.