गवंड्याचे प्रमाणपत्र सीमेपलीकडे चालते का?

प्रश्न : आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा आर्थिक समुदाय झाल्यावर इंडोनेशियातील प्रमाणित गवंडी शेजारच्या सदस्य देशात थेट काम करू शकतो का?

उत्तर : नाही. २०१५ च्या अखेरीस हा समुदाय अस्तित्वात आला, तरी परस्पर मान्यतेचे (एका देशाची व्यावसायिक पात्रता दुसऱ्याने मानण्याचे) करार अभियंते (२००५), वास्तुविशारद (२००७) अशा मोजक्या व्यवसायांपुरतेच आहेत. गवंडी, सळई बांधणारे, सेंट्रिंगचे कारागीर त्यांत येत नाहीत, ही मोठीच उणीव आहे. इंडोनेशियाने २०१७ च्या बांधकाम सेवा कायद्याने बांधकाम कामगारांना कौशल्य-प्रमाणपत्र सक्तीचे केले, हे योग्यच झाले, कारण ओळंबा धरून भिंत सरळ उचलणाऱ्याच्या कसबाची त्यामुळे निदान मायदेशात तरी रीतसर नोंद होते. परदेशी जाणाऱ्याला त्या देशाचा कामाचा परवाना स्वतंत्रपणे मिळवावाच लागतो.