ऑपरेशन महिन्याने आहे, तोपर्यंत आईला झोपवून ठेवायचं का?

हा प्रश्न मला सतत कुणी ना कुणी विचारतंच. मी पुण्यात कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते, त्यातली ही एक केस, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सिंहगड रोडला राहणाऱ्या काकू, सत्तरीला टेकलेल्या, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, सर्जननी चार आठवड्यांनंतरची तारीख दिलेली. रिपोर्ट आल्यापासून मुलाने त्यांना कॉटवरून उठूच दिलं नव्हतं, ताट हातात, भाजी आणणं बंद, देवपूजासुद्धा सूनबाईंकडे. "मॅडम, ताकद ऑपरेशनसाठी राखून ठेवायला नको का?" अगदी कळवळून विचारत होता तो.

मी म्हटलं, काकू, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवता का. त्या पुढे वाकल्या, अर्ध्यावर आल्या आणि मांड्या थरथरायला लागल्या, तोवर मुलाने काखेत हात घालून उचललंसुद्धा. त्याला म्हटलं, ऑपरेशननंतर कॉटवरून उठायला हीच ताकद लागणार आहे आणि ती पडून राहून साठत नाही, उलट जाते. निरोगी वयस्कर माणसांना 10 दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक अभ्यास आहे, तेवढ्यात त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने कमी झाले होते. हे ऐकून तो गप्पच झाला.

ऑपरेशनआधी शरीर तयार करण्याला प्रीहॅबिलिटेशन म्हणतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या टीमचा 2014 चा अभ्यास मला फार आवडतो. आतड्याच्या कॅन्सरचे 77 पेशंट, व्यायाम, आहार आणि मनाची तयारी असा एकच कार्यक्रम, फक्त अर्ध्यांना ऑपरेशनच्या आधीपासून आणि अर्ध्यांना नंतर. आठ आठवड्यांनी आधी सुरू केलेल्यांपैकी 84 टक्के लोक पूर्वीइतकं चालू शकत होते, नंतरवाल्यांत 62 टक्के. मग 2023 मध्ये अनेक देशांत मिळून 251 पेशंटवर केलेला अभ्यास आला, त्यात गंभीर गुंतागुंत साधारण 30 टक्क्यांवरून 17 वर आली. पण मॉन्ट्रियलच्याच टीमला 2020 मध्ये खूप नाजूक तब्येतीच्या वयस्कर पेशंटमध्ये गुंतागुंतीत फरक दिसला नाही, हेही मी घरच्यांना सांगते, कारण आशा दाखवायची तर खरी दाखवावी.

काकूंचं हिमोग्लोबिन कमी होतं, आतड्याच्या कॅन्सरमध्ये हे बऱ्याचदा असतं, डॉक्टरांनी सलाईनमधून आयर्न दिलं. फिजिओने सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालणं, खुर्चीतून ऊठबस आणि तीन बॉलवालं श्वासाचं मशीन दिलं. श्वासाच्या व्यायामाला कमी लेखू नका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओने अर्धा तास बसून नीट शिकवलं तेवढ्यावर नंतरचे फुप्फुसांचे त्रास निम्म्यावर आले होते.

खरं अडलं ते जेवणावर. काकूंचा मंगळवार, गुरुवार आणि वर संकष्टी, म्हणजे साबुदाण्यावर दिवस काढायचा आणि स्नायूंना लागणारं प्रोटीन नावालाच. उपास सोडा असं मी तोंडावर म्हणाले असते तर त्या परत आल्या नसत्या. मी विचारलं, उपासाला दूध-दही चालतं ना, पनीर चालेल का? चालेल म्हणाल्या. मग आहारतज्ज्ञांनी उपासाच्या दिवशी दही, पनीर, दाण्याची आमटी आणि इतर दिवशी मूग, मटकी, अंडं असं बसवून दिलं. अंडं काकूंनी नाकारलं ते नाकारलंच!

आणखी एक, हळूहळू काकू बोलायला लागल्या. कॉटवर पडल्यापडल्या नुसते विचार यायचे, आता निदान माझ्या हातात काहीतरी आहे, असं त्या म्हणाल्या. माझ्या मते घरच्यांनी हे ऐकायला हवं, प्रेमाने सगळं काढून घेतलं की पेशंटला आपण आत्ताच संपलो असं वाटायला लागतं.

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं. टाक्यांत थोडा पू झाला, त्यामुळे मुक्काम लांबला, पण दुसऱ्या दिवशी त्या कॉटवरून स्वतः उठल्या आणि बाथरूमला नर्सचा हात धरून चालत गेल्या.

तुमच्या घरात कुणाची तारीख लागली असेल तर भुलेच्या फिटनेसला, म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला जाल तेव्हाच विचारा की चालणं-व्यायाम किती चालेल, हिमोग्लोबिन किती आहे, फिजिओ आणि आहारतज्ज्ञ कधी भेटतील. सिगारेट असेल तर आजच बंद. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर मात्र मनाने काही सुरू करू नका, आधी डॉक्टरांना सांगा, आणि तयारीसाठी म्हणून कॅन्सरची तारीख आपणहून पुढे ढकलू नका, आहेत त्या दिवसांत जे होईल ते करा.