डबा पुढे सरकतो

मुली,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. लोकलच्या डब्यात बसून काढलेली तुझी चित्रं दोनदा पाहिली, पत्र तीनदा वाचलं. "ताई, लोकांच्या मागे न लागता काम लोकांपर्यंत न्यायचं कसं?" हा तुझा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे.

मेथी निवडणाऱ्या बाईच्या चित्राच्या प्रती विकायला दिवाळीआधी तू २५६ जणांना एकच मेसेज पाठवलास. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये त्याहून जास्त नावं बसत नाहीत, म्हणून तेवढ्यांनाच. ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केला नव्हता, त्यांना तो पोचलासुद्धा नसणार. "फक्त पहिल्या दहा जणांसाठी, त्वरा करा" असं तू लिहिलंस आणि घरी कपाटावर चाळीस प्रती होत्या. हे तू आपणहून मला सांगितलंस, ते लिहिताना पोटात कसंतरी झालं हेही सांगितलंस. त्या कसंतरी होण्यावर विश्वास ठेव. चाळीस प्रती असतील तर चाळीस म्हण. छापचित्रं करणारे प्रतीच्या खाली पेन्सिलीने ७/४० असं लिहितात, म्हणजे चाळिसातली सातवी. चाळीस संपल्या की ती पुन्हा काढायची नाही, असा तो घेणाऱ्याला दिलेला शब्द असतो. तू तोच शब्द दे आणि पाळ. मग घाई करा असं कुणाला सांगावं लागत नाही.

ही चूक मीही केली आहे. मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाहेर, फुटपाथवर मी दोन वर्षं चित्रं लावायचे. १९५२ साली सुरू झालेल्या त्या गॅलरीत आत भिंत मिळायची तर वर्षानुवर्षं थांबायची तयारी हवी, म्हणून आम्ही बाहेर. एके दिवशी संध्याकाळपर्यंत एकही चित्र गेलं नव्हतं. एक गृहस्थ ससून डॉकच्या माझ्या चित्रापुढे थबकले आणि मी बोलायला लागले. कागद कुठला, रंग किती महाग, शेवटचंच आहे, तुमच्यासाठी भाव कमी करते. ते काही बोलायला तोंड उघडायचे, तोवर माझं पुढचं वाक्य तयार. शेवटी त्यांनी पाकीट काढलं. पैसे मोजताना, मी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळताना आणि ते काखेत घेऊन जाताना त्यांनी त्या चित्राकडे एकदाही पाहिलं नाही. त्या पैशांतून मी रंगांची उधारी फेडली. पण ते चित्र कुणाकडे तरी आहे, असं मला आजही वाटत नाही. बघायला थांबलेल्या माणसाचं बघणं मी मोडलं होतं.

याच्या उलट कसं करायचं, ते तू रोज पाहतेस. तुझ्या लेडीज डब्यात कानातली विकणारी बाई चढते ना, तिला नीट बघ. गर्दीत ती सगळीकडे पोचूच शकत नाही. ती कानातल्यांचा डबा पहिल्या बाईच्या हातात देते आणि दाराशी उभी राहते. डबा या सीटवरून त्या सीटवर जातो. कुणी एक जोड कानाशी धरून शेजारणीला विचारते, "कसं दिसतंय?" शेजारीण सांगते, "तुला मोत्याचंच शोभतं." भाव विचारला की ती एका शब्दात सांगते. हातोहात पैसे येतात, हातोहात सुटे परत जातात आणि डबाही परत येतो. घेतलं नाही म्हणून ती कुणाकडे रागाने बघत नाही, कारण उद्या तिला याच डब्यात चढायचं आहे. तिचा माल चार अनोळखी बायकांच्या बोलण्याचा विषय होतो. आपल्या कामाला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

छबिलदासचंही असंच होतं. दादरच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये १९७४ पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेची प्रायोगिक नाटकं व्हायची. मी कॉलेजात असताना मला तिथे पहिल्यांदा एका मैत्रिणीने नेलं. "चल, तुला हे आवडेल," एवढंच म्हणाली. नाटक संपल्यावर खाली चहा पिताना आम्ही इतक्या भांडलो की दादरहून शेवटची गाडी चुकता चुकता राहिली. पुढच्या खेपेला मी दोघींना घेऊन गेले. तुझ्या चित्रावर असं भांडण होईल अशी दहा माणसं शोध. त्या दहांना वेगवेगळं लिही, प्रत्येकीला तिच्या नावाने, तिलाच का पाठवते आहेस ते सांगून. वेळ जाईल. जाऊ दे.

आता दुसरी बाजू, कारण तुझा स्वभाव मला कळतो. मागे लागायचं नाही म्हणून तू तोंडच मिटून बसशील. ते नको. चित्र दाखवताना किंमत लिही, स्वच्छ आकड्यात. "इनबॉक्समध्ये विचारा" नको, त्याने संकोची माणूस निघून जातो आणि उरतो तो घासाघीस करणारा. विक्रीला आहे हे एकदा सरळ सांग. पुन्हा सांगायचं तर सोबत नवीन काहीतरी दे: आधीचं कच्चं रेखाटन, चित्रात बिघडलेला हात, कुर्ला ते घाटकोपर एवढ्या वेळात काय साधलं आणि काय निसटलं. लोकांना हे वाचायला आवडतं, शिवाय ते तुझ्याशिवाय कुणी लिहूही शकत नाही.

काळा घोडा कला महोत्सवात स्टॉलसाठी अर्ज करायचा का? यंदा नको. हिंडून ये, लोक कशापाशी थांबतात ते बघ.

एक गोष्ट मात्र मला मनापासून विचारायची आहे. मांडीवर ओढणी पसरून मेथी निवडणारी ती बाई, जिच्या अंगठ्याची चिरलेली कड तू इतकी नेमकी पकडली आहेस, तिने हे चित्र पाहिलं आहे का? २५६ जणांना पाठवलंस, पण पत्रात तिचा उल्लेख कुठेच नाही. तीच गाडी, तोच डबा, ती बहुतेक रोज भेटत असेल. आधी तिला दाखव. ते लोकांना दाखवायला, विकायला तिची हरकत नाही ना, ते विचार. नको म्हणाली तर चित्र मागे घे, वाईट वाटलं तरी. हो म्हणाली तर पहिली प्रत तिला दे आणि ती काय म्हणते ते मला कळव.

मलाही त्याच चित्राची एक प्रत हवी आहे. कितवी, ते तू ठरव. फ्रेम नको, गुंडाळी करून पाठव. किंमत तू पत्रात लिहिलेली नाहीस, तेवढी लिहून पाठव.

तुझी,
ताई