कॅनडात गोठा घालायचा, तर आधी कोटा

तुम्ही विचारलंय, जमवलेलं भांडवल घेऊन कॅनडात यायचं, वीस गाईंपासून दुधाचा धंदा सुरू करायचा, जमेल का? मी आठ वर्षं ऑन्टारिओतल्या एका डेअरी फार्मवर कामाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाई मिळतात. अडतं ते दूध विकण्याच्या हक्कापाशी. त्याला इथे कोटा म्हणतात आणि तो रोज विकायच्या दुधातल्या फॅटच्या किलोंवर मोजतात. एका गाईला साधारण एक किलोहून थोडा जास्त लागतो. ऑन्टारिओत किलोला २४,००० डॉलर ही दराची कमाल मर्यादा आहे, अल्बर्टा प्रांतात तर दुपटीहून जास्त मोजावे लागतात. म्हणजे जमीन, गोठा, यंत्रं सोडून वीस गाईंच्या नुसत्या कोट्यालाच पाच लाख डॉलरच्या वर गेले. शिवाय पैसे असले तरी कोटा मिळेलच असं नाही. आमच्या मालकांनी एकदा कोट्याच्या दरमहाच्या खरेदी-विक्रीत पाच किलो मागितले होते. विकणारे मोजके, मागणारे ढीगभर. सगळ्यांत वाटून त्यांच्या वाट्याला किलोचा एक तुकडा आला. त्या संध्याकाळी ते दुधाच्या टाकीजवळ कितीतरी वेळ गप्प उभे होते.

हे असं का, ते समजून घ्या, कारण तुमचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. बाहेरचं दूध आत येऊ नये म्हणून ठरावीक आयातीपलीकडे लोण्यावर २९८.५ टक्के आणि चीजवर २४५.५ टक्के आयात शुल्क आहे. त्यामुळे भाव टिकतो, आणि भाव टिकतो म्हणून कोट्याला किंमत येते. सुरुवातीच्या शेतकऱ्यांना तो फुकट मिळाला होता; आजच्यांनी कर्ज काढून घेतलाय. उद्या संरक्षण काढलं तर ग्राहकाचे थोडे पैसे वाचतील, पण हे शेतकरी कर्जासकट बुडतील. गॉर्डन टुलॉक या अर्थतज्ज्ञाने हा सापळा १९७५ मध्येच मांडला होता. माझ्या मते संरक्षणाचा खरा फायदा केव्हाच पहिल्या पिढीच्या खिशात गेला आणि नव्या माणसाच्या वाट्याला फक्त हप्ते उरले. मला हा अन्याय वाटतो.

तरी हे लवकर बदलणार नाही. डेअरी फार्म दहा हजारांच्या आत असले तरी बहुतेक क्युबेक आणि ऑन्टारिओत एकवटलेत, आणि निवडणुका तिथेच ठरतात. २०१७ मध्ये ही व्यवस्था मोडायचं म्हणणारे मॅक्सिम बर्निए कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं नेतेपद अगदी थोडक्यात हरले. २०२५ मध्ये तर व्यापार करारात यापुढे दुधाबाबत सवलत द्यायची नाही, असा कायदाच झाला. गहू, कॅनोला (एक तेलबी), गोमांस यांसाठी मात्र हाच देश दुसऱ्यांकडे खुला बाजार मागतो.

म्हणून सगळं विकून थेट येऊ नका. आधी नोकरीवर या, दोन हिवाळे काढा. नव्या शेतकऱ्यांना थोडा कोटा देणाऱ्या योजना काही प्रांतांत आहेत, त्यांच्या अटी नीट वाचा. धान्य किंवा मांसासाठीची गुरं यांना कोटा लागत नाही, तिकडेही बघा. तुमचा वीस गाईंचा हिशोब मला पाठवा. कोट्याचा हप्ता धरून मी तो पुन्हा मांडून देतो.