टायर कंपन्या विकल्या गेल्या की टायरचा दर्जा घसरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टायर कंपन्या एकापाठोपाठ अडचणीत आल्या, विकल्या गेल्या, आता मोजक्याच उरल्या. जुने ड्रायव्हर म्हणतात की पूर्वीसारखा माल राहिला नाही. हे खरं का? आणि जिच्या विक्रीच्या बातम्या येताहेत अशा कंपनीचे टायर ट्रकला लावावेत का?

माझा धंदा जुन्या टायरवर नवी रबरपट्टी चढवण्याचा, म्हणजे रिमोल्डिंगचा. गिऱ्हाईक मुख्यतः ट्रकवाले, हंगामात उसाची वाहतूक करणारे. टायर आमच्याकडे येतो तो निम्मं आयुष्य भोगून. वरची घासलेली पट्टी काढली की आतले थर उघडे पडतात, आणि रबर तारेला नीट धरून आहे की नाही हे तिथेच कळतं. त्यामुळे कंपनीच्या जाहिरातीपेक्षा किंवा गिऱ्हाइकाच्या मतापेक्षा माझा भरवसा या उघड्या केसिंगवर, म्हणजे टायरच्या आतल्या सांगाड्यावर, जास्त आहे.

माझं मत आधीच सांगतो. मालक बदलला म्हणून टायर बिघडत नाही. बिघडतो तो त्याच्या आगेमागे. कंपनी आजारी असताना बिघडतो, किंवा खरेदीत घातलेला पैसा कामगारांच्या अंगातून काढायला लागले की बिघडतो. याचा जगातला सर्वांत स्पष्ट दाखला फायरस्टोनचा आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेतलं अक्रॉन हे टायरचं शहर. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच, जनरल, सगळे तिथलेच. त्यांचा पाया हलवला रेडियल टायरने, म्हणजे ज्याचे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात अशा टायरने. मिशेलिनने 1946 मध्ये रेडियलचं पेटंट घेतलं. हा टायर जुन्या तिरक्या धाग्यांच्या टायरपेक्षा साधारण दुप्पट चालतो. गाडीवाल्याला ही आनंदाची गोष्ट, पण टायर दुप्पट टिकला की बदलायला लागणारे टायर निम्म्यावर येतात. शिवाय रेडियल करायला यंत्रसामग्री नवी लागते. अक्रॉनच्या कंपन्यांनी बराच काळ टाळाटाळ केली, मग एकदम घाई केली. फायरस्टोनचा ‘500’ नावाचा रेडियल त्याच घाईतला. त्याचे पट्टे, म्हणजे वरच्या रबरपट्टीखालचे तारेचे थर, सुटू लागले आणि 1978 मध्ये विकलेले टायर परत बोलावण्याची तोवरची सर्वांत मोठी मोहीम कंपनीला जाहीर करावी लागली. त्यानंतर कारखाने बंद करायचं सत्र सुरू झालं.

मग दशकभरात सगळं शहरच विकल्यासारखं झालं. 1987 मध्ये जनरल टायर जर्मनीच्या कॉन्टिनेन्टलकडे गेली. 1988 मध्ये फायरस्टोनसाठी इटलीच्या पिरेलीने शेअरला 58 डॉलर लावले, तर जपानच्या ब्रिजस्टोनने 80 डॉलर देऊन, म्हणजे एकूण 2.6 अब्ज डॉलर मोजून, ती घेतली. युनिरॉयल आणि गुडरिच आधी एकत्र आल्या होत्या, त्या 1990 मध्ये मिशेलिनने घेतल्या. अमेरिकन मालकीची मोठी कंपनी म्हणून एकटी गुडइयर राहिली.

58 आणि 80 मधला फरक लक्षात ठेवा. एवढं देऊन घेतलेल्या कंपनीचे कारखाने जुनाट होते आणि त्यांत आणखी पैसा ओतावा लागला. 1994 मध्ये व्यवस्थापनाने कामगारांपुढे बारा तासांच्या फिरत्या पाळ्या आणि पगारकपातीच्या अटी ठेवल्या. जुलैत संप झाला. इलिनॉयमधल्या डेकेटरच्या कारखान्यात बदली माणसं घेऊन टायर काढणं चालू ठेवलं. संप मोडल्यावर जुने कामगार टप्प्याटप्प्याने परतले, आणि ज्यांनी त्यांच्या जागा घेतल्या होत्या त्यांच्याच शेजारी उभे राहून काम करू लागले. नवा करार व्हायला 1996 चा शेवट उजाडला.

ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोनने सुमारे 65 लाख टायर परत बोलावले. हे टायर मुख्यतः फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना होते. वेगात असताना पट्टा सुटायचा आणि गाडी उलटायची. अमेरिकी सरकारच्या यंत्रणेने या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या 271 दिली. पुढे क्रूगर आणि मास या दोन अर्थशास्त्रज्ञांनी कोणत्या कारखान्यात कधी बनलेले टायर जास्त फुटले हे तपासलं. त्याच कंपनीच्या जोलिएत आणि विल्सन इथल्या कारखान्यांशी त्यांनी डेकेटरची तुलना केली. डेकेटरचे टायर जास्त सदोष निघाले, पण सगळ्या वर्षांचे सारखे नव्हे. कामगारांकडून सवलती मागितल्या गेल्या तो काळ, आणि बदली कामगार व परतलेले कामगार एकत्र काम करत होते तो काळ, या दोन वेळी दोष वाढले होते.

मला हे वाचून अजिबात आश्चर्य वाटलं नाही. बाहेरच्याला वाटतं टायर यंत्रातून निघतो. खरं तर त्याचा एकेक थर माणूस लावतो. थर किंचित सरकला, रबर जास्त वेळ उघडं राहून कोरडं पडलं, घामाचा हात लागला, तरी बाहेरून काही दिसत नाही. तपासणीतूनही असा टायर सुटू शकतो आणि पुढे हजारो किलोमीटर नीट चालतो. थकलेला किंवा चिडलेला माणूस टायर बनवतोय, ही मला दर्जाची सर्वांत मोठी जोखीम वाटते.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ड्रायव्हरांच्या मतांशी तिचा संबंध आहे. फोर्डने त्या एक्सप्लोरर गाडीसाठी 26 पाउंड हवा सांगितली होती, तर फायरस्टोनचं म्हणणं 30 चं होतं. कमी हवेचा टायर बगलेत, म्हणजे बाजूच्या भिंतीत, जास्त वाकतो, तापतो आणि सुटतो. सदोष टायर, कमी हवा, ऊन आणि वेग एकत्र आले. दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या आणि त्यांचं जवळजवळ शंभर वर्षांचं नातं 2001 मध्ये तुटलं.

आता आपल्याकडचं. याच फायरस्टोनचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. पुढे तो बॉम्बे टायर्स इंटरनॅशनल झाला, मग मोदीस्टोन, मग बंदच पडला. डनलॉपची गोष्ट याहून वाईट. बंगालमधल्या साहागंजला 1936 मध्ये सुरू झालेला तो भारतातला पहिला टायर कारखाना. आमच्याकडे ऊस ओढणाऱ्या बैलगाडीच्या रबरी चाकालाही लोक डनलॉपच म्हणत. ऐंशीच्या दशकात ती परदेशी मालकांकडून गोएंका आणि छाब्रिया या उद्योगपतींकडे आली, दोघांत बिनसलं आणि ती छाब्रियांकडे राहिली. 1998 मध्ये टाळं लागलं. 2005 मध्ये रुइया समूहाने घेतली, थोडी धुगधुगी आली आणि 2011 मध्ये काम पुन्हा थांबलं. 2016 मध्ये बंगालच्या विधानसभेने कारखाना ताब्यात घेण्याचं विधेयक मंजूर केलं. तिथल्या कामगारांची आयुष्यं या उघडझापीत गेली.

नाव मात्र जिवंतच आहे. डनलॉप हे नाव वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या मालकांचं राहिलं. 2025 च्या जानेवारीत जपानच्या सुमितोमोने युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाकडच्या भागांतले चारचाकींसाठीचे हक्क गुडइयरकडून 70 कोटी डॉलरना घ्यायचं ठरवलं. हीच गुडइयर, जिने 2021 मध्ये कूपर कंपनी गिळली होती, पुढे कर्ज उतरवायला एकेक भाग विकू लागली. खाणीतल्या आणि बांधकामाच्या अवजड यंत्रांच्या टायरांचा धंदा तिने योकोहामाला दिला.

विक्री नेहमी वाईटच असं नाही. म्हैसूरची विक्रांत टायर्स 1997 मध्ये जे. के. टायरकडे गेली आणि तिथे आजही टायर बनतात. बिर्ला टायरचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. बिर्लाचेच दोन कारखाने. हरिद्वारजवळ लक्सरचा जे. के.ने 2016 मध्ये घेतला आणि तो चालू राहिला. ओडिशातला बालासोरचा मूळ घरातच राहिला, आणि 2022 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जो विकला गेला तो वाचला. म्हणून ‘विकली म्हणजे संपली’ हे ड्रायव्हरांचं गणित मला पटत नाही.

तरी ड्रायव्हरांची मतं मी उडवून लावत नाही. टायर कोणत्या घाटात तापतो, पावसात कुठे सरकतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. फक्त ‘पूर्वीचा माल दणकट होता’ असं ते म्हणतात तेव्हा पूर्वीचा म्हणजे बहुतेक वेळा नायलॉनचा, तिरक्या धाग्यांचा टायर असतो. त्याची बगल जाड. खड्ड्यात आपटला, दुप्पट माल भरला, तरी तक्रार करत नसे. रेडियलची बगल पातळ असते, दगडाने चिरते, फुगा येतो. तोच रेडियल डांबरी रस्त्यावर, मापात माल आणि मापात हवा असेल तर नायलॉनपेक्षा कितीतरी जास्त चालतो आणि डिझेल वाचवतो. वीटभट्टीच्या किंवा खाणीच्या रस्त्यावर गाडी असेल तर ड्रायव्हरचं म्हणणं आजही बरोबर आहे. पुणे-बंगळूर लाइनवर असेल तर नाही. एकाच कंपनीबद्दल दोन ड्रायव्हर उलटसुलट बोलतात त्याचं निम्मं कारण रस्त्यात आणि लोडमध्ये असतं. आमच्याकडे ‘कंपनीचा दोष’ म्हणून येणाऱ्या केसिंगमध्ये आतून जळून काळी पडलेली, म्हणजे कमी हवेवर पळवलेली, खूप असतात.

कारवाल्यांची तक्रार वेगळी. नव्या गाडीसोबत आलेला टायर छान होता, तोच दुकानातून घेतला तर तसा नाही, असं ते म्हणतात. गाडीसोबत येणारा टायर गाडीच्या कंपनीने तिच्या अटींवर बनवून घेतलेला असतो. वजन, आवाज, मायलेज यांचे तिचे आकडे वेगळे. दुकानातला त्याच नावाचा टायर दुसऱ्या रचनेचा असू शकतो, म्हणून घेताना नावासोबत मॉडेलही जुळवा.

मोजक्या कंपन्या उरल्या की मला धास्ती वाटते ती दर्जापेक्षा भावाची. स्पर्धा आयोगाने एमआरएफ, अपोलो, जे. के., सिएट आणि बिर्ला या पाच कंपन्या व त्यांच्या संघटनेवर मिळून 1,788 कोटींचा दंड लावला होता. 2011-12 च्या सुमारास भाव संगनमताने वाढवल्याचा ठपका होता. आदेश 2018 चा, उघड झाला 2022 मध्ये. कंपन्यांनी आरोप नाकारले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवलं. त्यामुळे दोष सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. पण 2011 मध्ये नैसर्गिक रबर किलोला 240 रुपयांच्या आसपास गेलं तेव्हा टायर महागले, आणि पुढे रबर गडगडल्यावर भाव त्या मानाने उतरले नाहीत, हे माझ्या गिऱ्हाइकांनी खिशातून अनुभवलं आहे.

आता तुमच्या ट्रकचं. कंपनीची विक्री चालू आहे एवढ्यावरून टायर नाकारू नका. बगलेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. 1424 म्हणजे 2024 चा चौदावा आठवडा. कारखान्यात संप, टाळेबंदी किंवा पगार थकल्याच्या बातम्या होत्या त्या महिन्यांतला माल असेल तर घेऊ नका, कितीही सूट मिळो. बंद पडलेल्या कारखान्याचा जुना साठा स्वस्तात विकायला येतो, त्याला तर हातच लावू नका. आयएसआयचा शिक्का बघा. पुढच्या दोन चाकांना शंकेचा टायर कधीच नको, कारण तिथे फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. मागे जोडीत फुटला तर निदान गाडी सावरायला वेळ मिळतो.

आणि बिल पक्कं घ्या, टायरचा नंबर त्यावर लिहून घ्या. आजारी कंपनीत सर्वांत आधी क्लेम, म्हणजे सदोष टायरच्या भरपाईचे दावे, थांबतात. तपासणीचा माणूस येत नाही, टायर डीलरकडे पडून राहतो. नव्या मालकाने जुने क्लेम मान्य करायचं ठरवलं तर त्याला दाखवायला तुमच्याकडे तो कागदच असतो.