सूर्य एवढा तापलेला असूनही त्याला चुंबकीय क्षेत्र कसं? आणि त्याने ताऱ्याला फरक काय पडतो?

शंका रास्त आहे. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की त्याचं चुंबकत्व जातं आणि सूर्याचा नुसता पृष्ठभागच साडेपाच हजार अंशांचा, मग तिथे चुंबक टिकेल कसा?

तर तिथे चुंबक नाहीच. सूर्य म्हणजे सगळा प्लाझ्मा, इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू, त्यातून वीज वाहते आणि वीज वाहिली की चुंबकीय क्षेत्र आलंच, शाळेत तारेजवळ होकायंत्र नेलं की सुई हलायची ना, तेच. त्यात सूर्य सगळा एका वेगाने फिरत नाही, विषुववृत्ताजवळ २५ दिवसांत एक फेरी, ध्रुवांकडे जवळपास ३५, त्यामुळे क्षेत्ररेषा (चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषा) ताणत ताणत गुंडाळल्या जातात, खालून उकळून वर येणारा वायू त्यांना पीळ देतो आणि क्षेत्र परत परत तयार होत राहतं. याला डायनॅमो म्हणतात. दर ११ वर्षांनी सूर्याच्या चुंबकीय उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल होते ती यातूनच.

हे कळलं कसं ते मला जास्त भारी वाटतं. १९०८ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज हेलने कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेतून सौरडागाचा (सूर्यावर दिसणाऱ्या काळ्या डागाचा) वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला प्रकाश, बघितला तर त्यातल्या काळ्या रेषा फाकलेल्या. चुंबकीय क्षेत्रात असं होतं हे डच भौतिकशास्त्रज्ञ झीमनने १८९६ मध्येच प्रयोगशाळेत दाखवलं होतं, त्यामुळे किती फाकल्या यावरून क्षेत्र मोजता आलं. आलं साधारण ३००० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आपल्या पृथ्वीचं असतं अर्धा गॉस! एवढं क्षेत्र खालची उकळी दाबून धरतं, उष्णता वर येत नाही, म्हणून डाग आजूबाजूपेक्षा थंड आणि काळा. मे २०२४ मध्ये एक एवढा मोठा डाग होता की मी गच्चीवरून नुसता ग्रहणाचा चष्मा लावून बघितला (चष्म्याशिवाय अजिबात बघू नका).

आता फरक काय पडतो? एकच सांगतो, ब्रेक. सूर्य तरुणपणी आत्तापेक्षा खूप जोरात फिरायचा. सौरवारा (सूर्यातून सतत बाहेर वाहणारे विद्युतभारित कण) क्षेत्ररेषांना धरून लांबपर्यंत सूर्याबरोबरच फिरतो आणि मग सुटतो, सुटताना थोडी फिरकी घेऊन जातो, वस्तुमान अगदी किरकोळ जातं पण एवढ्या लांबून सुटतं की अब्जावधी वर्षांत तारा मंदावतो. म्हणून सूर्यासारखा तारा किती वेगाने फिरतोय यावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

सूर्यापेक्षा गरम काही ताऱ्यांचं प्रकरण वेगळंच, त्यांचं क्षेत्र हजारो गॉसचं आणि वर्षानुवर्षं तसंच्या तसं, तारा फिरेल तसे त्यातून दीपगृहासारखे रेडिओ झोत येतात. असे ८ तारे २०२१ मध्ये आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने शोधले. विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन असतं, जमलं तर जाऊन या, माणसं उत्साहाने समजावून सांगतात.