एव्हरेस्ट बेस कॅम्प: औषधांच्या यादीआधी हे बघा

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकसाठी तुम्ही पाठवलेली औषधांची यादी छान आहे, पण आधी वेळापत्रक तपासा. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू देऊ नका. वाटेतल्या नामचे (३४४० मीटर) आणि दिंगबोचे या गावांतले, शरीराला उंचीची सवय होण्यासाठीचे विश्रांतीचे दिवस पैसे वाचवायला कापू नका.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे त्रास लपवणं. ग्रुप खोळंबेल म्हणून पेनकिलर घेऊन वर चढत राहतात. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर तो उंचीचाच त्रास धरून तिथेच थांबा. बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर लगेच खाली उतरा, कुणाला तरी सोबत घेऊनच. ऑक्सिजन आणि गोळ्या उतरायला मदत करतात, उतरणं टाळायला नाहीत.

तुम्ही कळसूबाई न थांबता चढता असं लिहिलंय, हे उत्तम. पण हा त्रास तगड्या माणसालाही होतो, तेव्हा त्या दमावर विसंबू नका.

निघण्यापूर्वी:
- डायमॉक्सबद्दल (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांशी बोला. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.
- विम्यात ५३६४ मीटरपर्यंतचं (बेस कॅम्पची उंची) ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरचा खर्च आहे ना, हे लेखी घ्या. पॉलिसीची प्रत गाईडलाही द्या.
- रोजची औषधं जास्तीची घ्या, तीही पोर्टरकडच्या बॅगेत नाही, स्वतःच्या सॅकमध्ये.

त्याच भागातल्या फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. हंगामात तिथले डॉक्टर उंचीच्या आजारांवर माहिती देतात, ती नक्की ऐका.